पत्ता चुकला

आमच्या घरात अहिराणी बोलायची नाही, असा वडिलांचा नियम होता. ते स्वतः अमळनेरजवळच्या एका खेड्यात जन्मलेले. शिकायला पुण्याला गेले तेव्हा वर्गातल्या पोरांनी त्यांच्या 'शे' आणि 'नही'ची इतकी टर उडवली, की वर्षभरात त्यांनी ती बोली अंगावरचा मळ घासून काढावा तशी काढून टाकली. पुढे सुरतेला बँकेत कारकून म्हणून लागले, लग्न झालं, मी झाले. शर्टाची इस्त्री, बुटांचं पॉलिश आणि बोलणं या तीन गोष्टींत त्यांनी कधी तडजोड केली नाही. अनवाणी तर ते गॅलरीतसुद्धा येत नसत.

आई नंदुरबारकडची, चौथीपर्यंत शिकलेली. वडिलांनी तिला पुस्तकी मराठी शिकवलं, पण ते तिच्या तोंडात बसलं नाही. घाईत, रागात, हसताना तिची जुनी बोली निसटायची. मग वडील फक्त मान वर करून बघायचे. ओरडायचे कधीच नाहीत. त्या बघण्याला ती इतकी भ्यायची की हळूहळू तिने चारचौघांत बोलणंच सोडलं. कुणी काही विचारलं तर ती हसून मान हलवायची. आमच्या नानपुरा भागातल्या मराठी बायका म्हणायच्या, "कारकुनाची बायको, पण मिजास बघा केवढी." मला ते ऐकू यायचं. ती मिजास नव्हती हे मला माहीत होतं, पण तसं सांगायचं तर खरं कारणही सांगावं लागलं असतं.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली घरमालकीण राहायच्या, बडोद्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. पांढरं स्वच्छ पातळ, ताठ मान. त्या एकट्या होत्या आणि त्यांचं सगळं ठरलेलं होतं. चहा कपबशीतच घ्यायचा. पेल्यात दिला तर त्या हात लावत नसत. 'न' आणि 'ण' यांत जो चुकेल त्याला वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या, मग तो पोस्टमन असो की पाहुणा. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून सुटीच्या दिवशी सकाळी दारापुढच्या ओटल्यावर बसून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. माझे उच्चार त्यांना आवडायचे. एकदा त्या वडिलांना म्हणाल्या, "तुमची मुलगी पुण्याची वाटते हो." वडिलांचा चेहरा त्या दिवशी असा उजळला होता की काय सांगू. त्या दिवसापासून बाईंसमोर वाचताना प्रत्येक ओळ मी आधी मनात म्हणून बघायला लागले.

आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, सुरतेतच होता. लूमच्या कारखान्यात कामाला. वेडरोडच्या पलीकडे नदीकाठच्या झोपड्यांत मामी आणि दोन लहान पोरींसह राहायचा. सुरुवातीला तो महिन्यातून दोनदा यायचा, हातात शेंगांची पुडी घेऊन, खालूनच आईला "माय वं!" अशी हाक मारत. एकदा वडील त्याला अगदी शांतपणे म्हणाले, "येण्याआधी कळवत जा म्हणजे बरं." मामा समजला. त्याचं येणं दिवाळी आणि राखीपुरतं उरलं.

मी दहा-अकरा वर्षांची असेन, पावसाळ्यातल्या एका सुटीच्या दिवसाची गोष्ट. वडील बँकेत गेले होते. पाऊस सकाळीच थांबला होता, ऊनही पडलं होतं. मी ओटल्यावर बाईंना वाचून दाखवत होते, तोच रस्त्याच्या वळणावर मामा दिसला. जवळजवळ पळत येत होता. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, अंगाला लूमच्या तेलाचा वास. तो ओटल्यासमोर उभा राहिला आणि धापा टाकत म्हणाला,

"पोरी, तुन्ही माय कोठे शे?"

बाईंनी चष्मा सारखा केला. त्या आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या. आता त्या विचारतील, हा कोण? मग सगळं उघडं पडेल, वडील मान वर करून बघतील, आणि या वेळी ते माझ्याकडे बघतील. मी वर्तमानपत्र घट्ट धरलं आणि शुद्ध, स्पष्ट आवाजात म्हणाले,

"तुमचा पत्ता चुकला. तुम्ही म्हणता तसं इथे कोणी राहत नाही."

मामा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. एखाद्याला ऐकू आलेलं समजत नाही, तसा. मग त्याने बाईंकडे पाहिलं आणि त्याला समजलं. तो एक पाऊल पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पानी येनार शे. गाडीवरना लोके सांगी राहिनात. मायले सांग." आणि वळून आला तसा भराभर निघून गेला.

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"पाणी मागत होता," मी म्हणाले.

"मग द्यायचं होतंस. पाणी कुणाला नाही म्हणू नये. वाच पुढे."

मी पुढे वाचलं. काय वाचलं ते मला कळत नव्हतं. मामा कुठल्या गाडीबद्दल बोलत होता ते मात्र मला कळलं होतं. भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरने खानदेशातली माणसं रोज सुरतेत उतरायची, त्यांनी वाटेत तापी बघितली असणार. आमची नदी त्यांच्याकडूनच वाहत येते. तेव्हा उकाईचं धरण बांधून व्हायचं होतं. वर जे पाणी चढे ते सगळं आमच्यापर्यंत येत असे, फक्त काही तासांनी.

आईला सांगावं तर ती विचारेल, तुला कुणी सांगितलं. मग मामा आला होता हे सांगावं लागेल, आणि मी त्याला काय म्हणाले तेही. मी वर गेले तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. मीही काही बोलले नाही. ऊन पडलंय, पाणी कुठून येणार, असं मी स्वतःला समजावत होते. दर थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन रस्ता बघत होते. रस्ता कोरडा होता. समोरच्या ओटल्यावर गुजराती काकी पापड वाळत घालत होती. तिला तरी सांगावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा मी आत वळले.

तीनच्या सुमाराला गटारांच्या झाकणांतून पाणी वर यायला लागलं. गढूळ, फेसाळ, अजिबात आवाज न करता. मग गल्लीच्या टोकाकडून ओरडा ऐकू आला, "रेल आवी! रेल आवी!" सुरतेत पुराला रेल म्हणतात. काकी पापड तसेच टाकून पोरांना ओढत माडीवर पळाली. मी कठडा धरून उभी राहिले आणि पाणी बाईंच्या ओटल्याच्या पहिल्या पायरीवर चढताना पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"बाई, वर या!" मी जिन्यातून ओरडले.

बाई आतून म्हणाल्या, "ओरडू नकोस. ओसरेल. मी परक्याच्या घरी मुक्काम करत नाही."

पाणी उंबरा ओलांडून आत गेलं तरी त्या खाटेवर ताठ बसून होत्या. मांडीवर जाडजूड शब्दकोश. आधी धुतलेलं पातळ नेसेन, मगच बाहेर येईन, म्हणत होत्या. पण पातळांची पेटी खाटेखाली होती आणि खाटेखाली पाणी होतं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून रडायला लागले. तेवढ्यात आई माझ्या शेजारून खाली उतरली, लुगड्याचा काचा मारलेला, गुडघ्यापर्यंत पाण्यात. आणि बाईंसमोर कधी तोंड न उघडलेली माझी आई मोठ्याने म्हणाली,

"उठा ना बाई! पानी वाढी राहिनं, दिखत नही का तुम्हले?"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. आईने त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना अक्षरशः ओढत जिन्यापर्यंत आणलं. शब्दकोश पाण्यात पडला. खालचं दार पाण्याच्या लोटाने धाडकन भिंतीवर आपटलं, आणि आम्ही तिघी वर आलो तेव्हा खालची खाट तरंगायला लागली होती.

ती रात्र आणि पुढचा अर्धा दिवस आम्ही त्या एका खोलीत काढला. खालून भांड्यांचे, लाकडांचे ठोके ऐकू यायचे. प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, मामा असेल. नदीकाठच्या झोपड्या. मामी. दोन लहान पोरी. आधी आपल्या घरी जायचं सोडून तो आमच्याकडे आला होता, आणि मी त्याला परत पाठवलं होतं. आई गॅलरीतून त्याच दिशेला बघत बसली होती. ती काय विचार करतेय हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आईने बाईंना चहा दिला, पेल्यातच, कारण खालच्या दाराच्या हादऱ्याने आमच्या कपबश्या फळीवरून पडून फुटल्या होत्या. बाईंनी तो घेतला. बऱ्याच वेळाने त्या आईला म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, ते यासाठी?"

आईने हो म्हणून मान हलवली.

"मला अशुद्ध बोलणं खपत नाही, हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण खोटं त्याहून खपत नाही."

त्या आईशी बोलत होत्या. मला मात्र वाटलं, त्यांना सगळं कळलंय. मी चादर डोक्यावर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आले, मांडीपर्यंत चिखलातून चालत. बँकेच्या माडीवर अडकले होते. पाय उघडे होते, बूट कुठे गेले ते त्यांनाही सांगता येईना. आई त्यांना बघून रडली नाही. तिने एवढंच म्हटलं, "मना भाऊ." वडिलांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही. "चल," ते मला म्हणाले, "तुला वाट दिसेल ना?" त्यांना मामाचं घर माहीत नव्हतं. ते तिथे कधी गेलेच नव्हते. मी आईबरोबर दोनदा गेले होते.

झोपड्यांच्या जागी नुसता चिखल होता आणि त्यात मेलेली म्हैस. वडिलांनी माझे डोळे झाकले. कुणीतरी सांगितलं, तिकडचे लोक रेल्वेच्या भरावावर गेलेत. आम्ही रुळांच्या कडेने चालत राहिलो. ताडपत्र्यांखाली शेकडो माणसं बसलेली, आणि सगळीकडून तीच बोली ऐकू येत होती, जी मी ओळखत नाही असं दाखवलं होतं.

मामा आम्हाला आधी दिसला. दोन्ही पोरी त्याच्या मांडीवर होत्या. मी जागच्या जागी थांबले. आता तो सांगेल, असं वाटून मी वडिलांच्या मागे सरकले.

"तुम्हाला आधी कळलं होतं का?" वडिलांनी त्याला विचारलं.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाला, "हां. सांगाले उनथू मी. पन घर सापडनं नही."

मामी शेजारीच होती. ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "सख्खी बहीननं घर सापडनं नही याले! पोरी आठ तास पत्रावर बठेल व्हत्यात." मामा परत पोहोचेपर्यंत त्यांच्या वस्तीची वाट पाण्याखाली गेली होती. मामी एकटीच दोन्ही पोरींना घेऊन झोपडीच्या पत्र्यावर चढली होती. होडीवाल्यांनी तिघींना उतरवून घेईपर्यंत तो पलीकडच्या काठावरून त्यांना बघत उभा होता.

मी काही बोलले नाही. तिथेही नाही, घरी आल्यावरही नाही. महिन्याभरात मामा कुटुंबाला घेऊन गावी निघून गेला आणि परत लूमवर आला नाही. बाईंनी मला पुन्हा वाचायला बोलावलं नाही. आमच्याशी त्या नीट वागायच्या, पण दोन पावलं लांबून. वडिलांनी अहिराणीबद्दल पुढे कधी काही म्हटलं नाही. आई मात्र आधीसारखीच कमी बोलायची. मला पुढे कितीतरी वर्षं दारावर कुणी अनोळखी माणूस आला की उघडायच्या आधी धडकी भरायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या शेवटाला, मी आईला सगळं सांगितलं. मामाला पत्रिका द्यायला जायचं होतं, आणि ते पोटात ठेवून त्याच्या दारात उभं राहणं मला जमणार नव्हतं. आई पत्रिकांवर हळदकुंकू लावत होती. तिचा हात थांबला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी वरच्या खिडकीत होते. त्याचा आवाज ओळखला मी. तू त्याला काय म्हणालीस तेही ऐकलं. खाली बाई बसलेल्या. मी जिन्यापर्यंत आले आणि परत फिरले. म्हटलं, राखीला येईलच, तेव्हा समजूत घालीन." मग पुढची पत्रिका उचलत म्हणाली, "पाण्याचं मला ऐकू आलं नव्हतं गं. ते तो हळू बोलला."

आम्ही दोघी नंदुरबारच्या गाडीत बसलो. मामाच्या घरी पोहोचलो तर मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. आईने पत्रिका बाजूला ठेवली आणि उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं, आपल्या बोलीत, स्वतःचंसुद्धा. मामीने तव्यावरची भाकरी उलटायची तशीच राहू दिली आणि ती मामाकडे वळली. इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस, असं तिने त्याला विचारलं.

मामा म्हणाला, "पोर भ्यायेल व्हती."

करपलेली भाकरी मामीने बाजूला काढली आणि दुसरी थापली. आम्हा दोघींना तिने जेवायला वाढलं, लग्नाचं सगळं विचारलं, साड्या बघितल्या. मामाशी मात्र ती त्या दिवशी बोलली नाही.