मावशींचं जपानी प्रेमप्रकरण

प्रेम या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकेल अशी एकच व्यक्ती सबंध मावळात आहे, आणि ती म्हणजे माझ्या नणंदेच्या सासूबाई. वय चौसष्ट, शिक्षण चौथी, मुक्काम पवनेच्या काठचं एक गाव आणि व्यासंग जपानी प्रेमकथांचा. त्यांना मी मावशी म्हणते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या सहा आठवडे आमच्याकडे तळेगावला राहिल्या, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि व्यायाम करून घेणारी डॉक्टरीण खालच्याच मजल्यावर राहते. माझी कॉलेजातली मुलगी तेव्हा टीव्हीवर हिंदीतून ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका, बघायची. पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "एवढी घोडी झालीस आन् कार्टून बघतीस व्हय?" दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्या पोरीचं डोळं बशीएवढं हायेत, आन् त्यो तिच्यामागं हाय ते दिसंना का तिला?" चौथ्या दिवशी मुलगी कॉलेजला निघाली, तर यांनी तिचा हातच धरला. "आज सुट्टी काढ," म्हणाल्या. "छत्रीचा परसंग अर्धा ऱ्हायलाय."

गावी परतल्या त्या फोनमध्ये सगळी सोय करून घेऊनच. तेव्हापासून कुठली मालिका बघावी आणि कुठली टाकावी याचा निवाडा त्या देतात. त्यांच्या कसोट्या पक्क्या आहेत. नायिकेने नायकासाठी डबा करून आणला पाहिजे, आणि डब्यात काय आहे ते दिसलं पाहिजे. नायक अबोल हवा. बडबड्यांवर त्यांचा विश्वास नाही. मध्येच दुसरी मुलगी उगवली की मालिका नासली. उत्तम मालिकेला त्या "बसून बघण्याजोगी" म्हणतात, त्याखालोखाल "भाकरी थापताना बघण्याजोगी", आणि अगदीच टाकाऊ असेल तर "निस्ती ऐकावी, गोठ्यात". कामशेतला जाणाऱ्या एसटीत एकदा कंडक्टर बायकोशी फोनवर भांडत होता, तर मावशींनी शेजारच्या मुलीकडून तिकिटाच्या मागे एका मालिकेचं नाव लिहून घेतलं आणि ते उतरताना त्याच्या हातात ठेवलं. पुढच्या खेपेला त्याने त्यांना उठून जागा दिली. का दिली, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना खात्रीच होती.

बारा-बारा भाग होऊनही या मालिकांतली दोघं एकमेकांचा हात धरत नाहीत, याचा मला वैताग येतो. मावशींना नेमकं तेच आवडतं. "हात धराय काय लागतंय," त्या मला म्हणाल्या. "आमचा तर भटजीनंच धरून दिला. हितं त्यो पोरगा धरू का नको, धरू का नको म्हणून निस्ता लाल व्हतोय. आपल्यापायी कुणी लाल व्हतंय, हेच्यात मजा हाय."

या व्यासंगाचा प्रयोग व्हायचा तो आबांवर झाला. आबा म्हणजे मावशींचे यजमान. भात, गुरं आणि पाण्याची मोटर यांपलीकडे त्यांना विषय नाही, आणि त्रेचाळीस वर्षांत बायकोला "अगं ए" यापलीकडे हाक नाही. आपण या माणसाला आवडतो, हे एकदा तरी त्याच्या तोंडून ऐकायचंच, असं मावशींनी ठरवलं. सुरुवात डब्यापासून झाली. त्यांनी भाताचे दोन ससे केले आणि त्यांना मिऱ्यांचे डोळे लावले. आबांनी शेतात डबा उघडला, तसाच मिटला आणि घरी आणून ठेवला. "भाताला डोळं हायेत," ते म्हणाले. "कुणी करणी केली का बघ." मग मावशी रोज संध्याकाळी बांधावर त्यांच्या शेजारी काही न बोलता बसू लागल्या. आठवडाभराने आबा त्यांना घेऊन तळेगावला दवाखान्यात आले. मीही बरोबर गेले होते. काय त्रास होतोय, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आबाच म्हणाले, "आठ दिस झालं, ही माझ्याकडं बघतीया."

बाहेर बाकावर बसल्यावर मावशींनी सरळच विचारलं, "अवो, मी तुमाला आवडती का न्हाई?"

आबांनी समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "मोटर चालू ऱ्हायलीया," आणि उठले.

त्या दिवशी मावशींनी फोन फडताळात टाकला तो महिनाभर बाहेर काढला नाही. कुणाला त्यांच्याशी बोलायचं असलं तर माझी नणंद आपल्या फोनवरून बोलणं करून द्यायची. मी समजूत घालायला लागले तर मला म्हणाल्या, "चित्रातली माणसं ती. चित्राला काय, कुणीबी लाल करील." त्यांचा इतका कोरडा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

शेवटी फोन काढला तो आबांनी. एका दुपारी त्यांनी तो मावशींच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "त्या चष्म्याच्या पोराचं काय झालं म्होरं?" ओसरीवर सुतळी वळत बसलेला हा माणूस इतके दिवस सगळं ऐकत होता.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा दोघं फोन मध्ये ठेवून बसले होते. आबांना हिंदी अर्धंमुर्धंच कळतं, आणि अलीकडे कानांनीही कमी ऐकू येतं, असं ते स्वतः सांगतात. म्हणून मावशी एकेक वाक्य त्यांच्या कानाशी मराठीत मोठ्याने सांगतात. शेवटचा भाग चालला होता.

"काय म्हणतोय त्यो?" आबांनी विचारलं.

"तुझ्याबिगर करमत न्हाई म्हणतोय."

"आं?"

"मला तुझ्याबिगर करमत न्हाई."

"कुणाबिगर?"

"तुझ्याबिगर," मावशी म्हणाल्या. जन्मात कधी नवऱ्याला अरेतुरे न केलेली बाई. आबांनी पुन्हा "आं?" केलं, आणि मावशींनी न कंटाळता पुन्हा सांगितलं.

भाग संपल्यावर मावशी आत गेल्या आणि गॅसपाशी स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटल्या, "चा ठेवावा का?"

ओसरीच्या दुसऱ्या टोकाहून आबा म्हणाले, "ठेव की. आलं घाल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छपराच्या वाशांकडे बघायला लागले. मी चहा घेऊन निघाले, तेव्हा त्यांनी तोच भाग परत लावला होता. फाटकाशी पोचेपर्यंत मला मावशींचा आवाज ऐकू येत होता. वाक्य तेच होतं, पण आता त्या ते बरंच हळू म्हणत होत्या.