गोळीमावशींचा खुलासा

आरोग्य केंद्राच्या गोळ्या घरोघरी वाटणाऱ्या बाईंना अख्खी गल्ली गोळीमावशी म्हणायची. तेवीस वर्षं त्यांचं काम एकच: दार वाजवायचं, गोळी पुढे करायची आणि समोरचीने "आधी तुम्ही घ्या" म्हटलं की मुकाट्याने गिळायची. फुकटच्या औषधात काहीतरी काळंबेरं असणारच, याबद्दल गल्लीची खात्री! मावशींच्या पोटात जंताच्या इतक्या गोळ्या गेल्या होत्या की आत पाऊल टाकायची कुठल्या जंताची छाती झाली नसती.

वर बसलेल्यांना याचा पत्ताच नाही. कागदावर आकडा झळकला: सरकारी औषधांवर जनतेचा विश्वास, शंभरात ब्याण्णव. आरोग्य केंद्राच्या साहेबांनी स्वतःचा सत्कार करून घेतला. मग कुणीतरी मावशींना गिळताना पाहिलं आणि साहेबांचा फतवा निघाला: कर्मचाऱ्यांनी साठ्यातली गोळी खाऊ नये. झालं! महिन्याभरात निम्मी दारं बंद.

मावशींचा जीव टांगणीला लागला तो कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या पोरीपायी. सातवा महिना, अंगात रक्त नाही, मशीनवर बसल्याबसल्या डोळ्यांपुढे अंधारी. रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या नाहीत तर बाळंतपणात जीवावर बेतेल, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पण पोरगी ऐकेल तर ना! "मावशी, तुम्ही घेत होतात तोवर मीही घेत होते. आता तुम्हीच सोडल्यात, म्हणजे काहीतरी आहेच."

शेवटी मावशींनी साहेबांनाच तिच्या दारात आणून उभं केलं. साहेब स्टुलावर टेकले, घसा साफ केला. "ताई, गोळ्या अगदी सुरक्षित आहेत. माझा शब्द आहे."

"मग घ्या की एक," म्हणत तिने पाण्याचा पेला पुढे केला.

मावशींनी दिलेली गोळी साहेबांनी उलटीसुलटी करून पाहिली. "नाही, म्हणजे... माझं सगळं बाहेरच्या डॉक्टरांकडे असतं."

पोरीने मावशींकडे पाहिलं. मावशींचं डोकंच सणकलं. खड्ड्यात गेला फतवा! त्यांनी साहेबांच्या हातातली गोळी काढून घेतली, तोंडात टाकली, घटाघटा पाणी प्यायल्या आणि साहेबांसमोरच जीभ बाहेर काढून दाखवली. पोरगी खुदकन हसली आणि तिनेही एक गिळली.

चार दिवसांनी मावशींना कचेरीतून मेमो आला: साठ्यातली गोळी का खाल्ली, याचा लेखी खुलासा करावा.

मावशींनी केंद्रातल्या टेबलावरचं पेन घेतलं आणि त्याच कागदावर खाली लिहिलं, "साहेबांनी खाल्ली नाही म्हणून."