रुख्माची मोकळी पात

धुरपताकाकीने आयुष्यात फक्त तीन दिवस काम केलं नाही. ते तीन दिवस मी डोळ्यांनी पाहिले, म्हणून लिहितो.

मी पुढे बत्तीस वर्षं गोंदियाच्या राईस मिलमध्ये हमाली केली. पोतं पाठीवर घेताना कोण खरा जोर लावतो आणि कोण तोंड वाकडं करून दाखवतो, हे मला लांबून कळतं. कसून काम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. काकीच्या बरोबरीचं एकही नाही.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून दोन कोसांवर. मंगळवारचा बाजार, तलाव, शाळा, दोन किराणा दुकानं. तेव्हा जिल्हा भंडारा होता. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात आपण दोन महिने गावात नव्हतो, हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आजही मान्य नाही.

काकी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, टोळीची मुखीण होती. दहा बाया दिवसभरात एक एकर धान रोवतात. काकीच्या टोळीत दहाच बाया, पण सव्वा एकर व्हायचं. काम असं. मी नांगराने बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखल करायचा, धानाच्या रोपांच्या म्हणजे पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकायच्या. बायांनी वाकून डाव्या हातातल्या पेंढीतून तीन-चार रोपं सुटी करायची, चिखलात खोचायची, अंगठ्याने मूळ दाबायचं आणि मागे सरकायचं. दाबलं नाही तर रोप दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगतं. एक बांधी होईपर्यंत बाई तीनदा तरी कंबर सरळ करते. काकी दोनदा करायची.

तिच्या डाव्या हाताला नेहमी रुख्मा असायची. रुख्मा ही काकीची धाकटी जाऊ. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला रोवता येत नव्हतं. काकीने तिला आपल्या बाजूची पात, रोवायची पट्टी, दिली आणि शिकवलं. त्यानंतर वीस वर्षं दोघी त्याच जागी वाकल्या आणि वीस वर्षं भांडल्या. रुख्मा म्हणायची, बाई सरकते म्हशीसारखी. काकी म्हणायची, तुझ्या रोपांपेक्षा तुझी जीभ खोल जाते. भांडण चाललं की हात जोरात चालत. मी पेंढी मुद्दाम रुख्माजवळ टाकायचो. चिखल उडाला की ती माझ्या सात पिढ्या काढायची.

त्या वर्षी वैशाखात सगळं गाव तेंदूपत्त्याला जंगलात गेलं. दरवर्षीच जायचं. काकी गेली नाही, कारण तिची मुलगी प्रेमिला तिरोड्याकडून बाळंतपणाला आली होती. मी हिवतापाने पडलो होतो. म्हातारे भैयाजी खाटेवरून उठत नव्हते. आणखी आठ-दहा जण काही ना काही कारणाने मागे राहिले.

गाव एकाच दिवशी, एकाच वेळी परत आलं. दरवर्षी लोक तुकड्यातुकड्यांनी येतात. कुणी भांडून आधी, कुणी बाजार करून मागून. यंदा रस्त्याने ओळीने आले. कुणाच्या हातांवर ओरखडा नव्हता. तेंदूची पानं तोडून आलेल्या माणसाचे हात मला माहीत आहेत.

रुख्मा घरी आली, हात जोडून काकीला नमस्कार केला, बाळ पाहिलं, छान आहे म्हणाली. काकी मला नंतर म्हणाली, बाळाचं नाक कोणावर गेलं यावरून ती भांडली नाही तेव्हाच मी ओळखलं.

मग गाव गप्प झालं. बाजारात भाव होईना. दुकानदार सांगे ते गिऱ्हाईक मान्य करी. बैल शेतात घुसला तर मालक माफी मागे आणि शेतवाला आभार मानी. मागे राहिलेल्यांना एकेक करून कोणी तरी जंगलाकडे घेऊन गेलं. कुणाला हरवलेली गाय दाखवायला, कुणाला सरपण वेचायला. ते परत आले ते असेच नम्र होऊन. शेवटी काकी, प्रेमिला, तिचं बाळ, भैयाजी आणि मी उरलो. हे दुसरे कोणी आहेत, हे आम्हाला कळलं होतं. कुठून आले ते कळलं नव्हतं. भैयाजी खाटेवरून वर आभाळाकडे बोट दाखवायचे, पण ते सगळ्याच गोष्टींना तसं दाखवायचे.

सांगायचं कोणाला? अर्जुनीला जाऊन काय सांगणार, की आमचं गाव सभ्य झालं म्हणून?

आषाढात रोवणा लागला. टोळीने दोन दिवस दुसऱ्यांचं रान रोवलं आणि तिसऱ्या दिवशी ती काकीच्या दोन एकरांत उतरली. खरी ती एकटी, बाकी नऊ त्यांच्या. त्या नऊ जणींनी दोरी न लावता सरळ रांगा रोवल्या. वीतभर अंतर म्हणजे वीतभरच. त्या वर्षी सरकारने भातशेतीची जपानी पद्धत आणली होती, तिच्यात रांगेलाच मान. ग्रामसेवक केशोराव सायकलवरून आले, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहिले आणि फार खूश झाले. साऱ्या तालुक्यात अशी शिस्त नाही, तुमचं गाव बक्षिसाला पाठवतो म्हणाले. काकीने त्यांना विचारलं, साहेब, यातल्या एकीनेही सकाळपासून कंबर सरळ केली नाही, ते दिसलं का? केशोराव म्हणाले, हीच तर शिस्त.

जळवा फक्त काकीच्या आणि माझ्या पायांना लागत होत्या. मी पेंढी टाकली, चिखल उडाला, रुख्माच्या तोंडावर बसला. तिने पुसलाही नाही.

काकीने एक गोष्ट पहिल्या दिवसापासूनच केली. तिने आपल्या डाव्या बाजूला कुणाला उभं राहू दिलं नाही. रुख्मासारखी दिसणारी ती तिथे आली तेव्हा काकीने तिला दुसऱ्या टोकाला धाडलं. रोवून झालेल्या बांधीत काकीच्या शेजारी हातभर रुंदीची पट्टी रिकामीच राहिली. हिरव्यात काळा चिखल. मला ते वाया गेलेलं रान वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकीने कंबर सरळ केली. त्या नऊ जणीही सरळ झाल्या. शेजारच्या बांध्यांतल्या चाळीसेक बाया सरळ झाल्या. काकी वाकली. सगळ्या वाकल्या. काकीने पुन्हा उठून कपाळ पुसलं. घाम नसलेली पन्नास कपाळं पुसली गेली. काकी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "हे माह्याकडं पाहून करून राहिले. मी नाही केलं, त याईले काहीच येत नाही."

ती बांधीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि रुख्मासारख्या बाईसमोर उभी राहिली.

"माही रुख्मा कोठी हाय?"

ती बाई म्हणाली, "ती सुखरूप आहे. सगळेच आहेत. निजले आहेत. तिथे त्यांना श्रम नाहीत."

"तुमाले का पायजे?"

"आम्हाला इथे राहायचे आहे. माणसासारखे कसे राहायचे ते आम्ही पाहून शिकतो. म्हणून तुम्हाला ठेवले. पाहायला कोणीतरी हवे."

काकी म्हणाली, "शिकाचं होतं त मांगाचं होतं. मी पात देली असती. रुख्माले देली होती. तिची जागा चोरून कायले शिकता?"

याला उत्तर कसं द्यायचं, ते तिला आमच्यापैकी कुणाकडे पाहून कळणार होतं?

काकीने हातातली पेंढी पाण्यात ठेवली. कमरेवर हात दिले आणि उभी राहिली. मला म्हणाली, नांगर सोड आणि माझ्याजवळ उभा राहा. प्रेमिलाला निरोप गेला की दार लावून घे. रांधायचं, धुवायचं ते आत, कोणाच्या नजरेला पडू देऊ नको. भैयाजी तसेही पडूनच होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

बांधीतल्या बाया कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत गाव थांबलं. दुकानदार तराजू हातात धरून उभा. गुराखी काठी टेकून उभा, गुरं आपली आपण घरी गेली.

वाचणाऱ्याला वाटेल, उभं राहायला काय लागतं. मी बत्तीस वर्षं ओझी वाहिली आहेत आणि सांगतो, तेवढं अवघड ओझं मी कधी उचललं नाही. दिवस उगवला की चिखलात जायचं. घोटाभर पाण्यात उभं राहायचं. समोर पऱ्हे वाढताहेत. महिन्याच्या आत रोवले नाहीत तर त्यांना गाठी धरतात आणि मग धान फुटत नाही. त्यांचा सत्ताविसावा दिवस होता. दोन एकरांपैकी सव्वा एकर पडून. काकीचं वर्षभराचं पोट त्यात होतं. आणि ती अशी बाई, जी जेवताना एका हाताने वाती वळायची. तिने बोटं लुगड्याच्या काष्ट्यात खोचून धरली.

दुसऱ्या दिवशी मी चूक केली. माझ्या पायापाशी एक रोप सुटून तरंगत आलं. मी विचार केला नाही. वाकलो, रोप चिखलात खोचलं आणि अंगठ्याने दाबलं. आमच्या भागातला कोणताही माणूस तेच करील. तरंगतं रोप पाहून हात थांबत नाही. मान वर केली तर पन्नास बाया वाकलेल्या. एकेकीचा अंगठा चिखलात. मग त्या पुढचं रोप खोचायला लागल्या. मी जे शिकवलं ते घेऊन अर्धी दुपार चालल्या. काकीने चिखलाचा गोळा उचलला आणि माझ्या कानशिलावर मारला. नंतर म्हणाली, पोरा, तुझ्या एका रोपाने माझा एक दिवस खाल्ला, आणि पुन्हा उभी राहिली. गोळा लागला त्या बाजूने मला आठवडाभर ऐकू आलं नाही. योग्यच होतं.

तिसऱ्या दिवशी तिचे पाय सुजले. मी बसायला सांगितलं. ती म्हणाली, मी बसले की हे बसायला शिकतील, आणि बसायला शिकलेला माणूस जागा सोडत नाही.

चौथ्या सकाळी रुख्मासारखी बाई धुऱ्यावर आली. तिच्या कपाळावर पहिल्यांदा काहीतरी ओलं दिसलं. ती म्हणाली, "तीन दिवस आम्ही तुमच्यासारखे उभे राहिलो. आतून काय होत होते ते आम्हाला घेता आले नाही. तुमच्या जिवाला इतके कशासाठी लागते?"

काकी म्हणाली, "एका बाईसाठी."

त्या बाईने मोकळ्या पट्टीकडे पाहिलं. मग वळली. सगळ्या धुऱ्यांवरून, सगळ्या गल्ल्यांतून लोक निघाले आणि जंगलाच्या वाटेला लागले. आले तसेच ओळीने. काकी मागे गेली नाही. ती जिथे उभी होती तिथेच उभी राहिली. मीही. आता हललं तर सगळं फुकट जाईल, अशी भीती होती.

उन्हं कलली तेव्हा जंगलाच्या बाजूने आवाज आला. कुणीतरी कुणालातरी शिव्या देत होतं. मग दुसऱ्याचा आवाज, तिसऱ्याचा. लोक तुकड्यातुकड्यांनी येत होते. पुढे कळलं की तेंदूपत्त्याच्या फडावर, पानांची पुडकी वाळायला मांडतात तशी ती माणसं ओळीने निजलेली होती. त्यांच्या मते एक दुपार झोप लागली, एवढंच.

सगळ्यांत पुढे रुख्मा होती. हातांवर ओरखडे, केसांत पालापाचोळा. ती धुऱ्यावर येऊन थांबली. उन्हाळ्यात निजली होती, आणि समोर पाण्याने भरलेल्या बांध्या. तिने आभाळ पाहिलं, पऱ्हे पाहिले. शेवटी काकीकडे पाहिलं.

"बाई, एवढा रोवना पडून हाय, न् तू कंबरेवर हात देऊन उभी काऊन?"

काकीने कमरेवरून हात काढायला वेळ घेतला. बोटं अवघडली होती. मग खाली वाकून तिने पेंढी उचलली आणि म्हणाली, "तुही पात तशीच ठेवली हाय. ये."

रुख्मा चिखलात उतरली आणि त्या मोकळ्या पट्टीकडे पाहून म्हणाली, ही शेजारची रांग कोणी रोवली, मोजपट्टी गिळली होती काय. दोघी वाकल्या. मी रुख्माजवळ पेंढी टाकली. चिखल उडाला, आणि तिने माझ्या आज्यापासून सुरुवात केली.

दिवस बुडेपर्यंत दोघींनी ती पट्टी भरली आणि पुढच्या बांधीतला पाव हिस्सा रोवला. सुजलेल्या पायांनी. काकीने त्यात एकदाच कंबर सरळ केली. मी मोजत होतो.