कारण : आशीर्वाद

“चपला बाहेर. आत पेशंट हायेत.”

नमस्काराच्या आधी आमचे सर हे म्हणायचे, तेही समोरच्याच्या पायांकडे बघत. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. सगळे हसतात आणि सगळे ऐकतात.

भिलाईतल्या ज्या खाजगी कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो, तिथेच त्यांची टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा होती. पेशंट म्हणजे तेजराज या औषधी झाडाची रोपं. त्याच्या मुळीने अंगात ताकद येते म्हणतात, म्हणून लोकांनी मैकलच्या डोंगरातून ते खणून खणून संपवत आणलं होतं. गाजरगवताला मात्र कोणी हात लावत नाही. सरांनी मोठ्या मुश्किलीने एक रोप मिळवलं, त्याचे इवले तुकडे निर्जंतुक बाटल्यांत वाढवले. बाहेरची हवासुद्धा आत जाता कामा नये. रोपं पुन्हा डोंगरात लावायची, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले. चपला काढायला सांगितल्यावर त्यांना वाटलं, आत देवघर आहे. त्यांनी हात जोडले, उदबत्ती लावली आणि सर धावत पोचेपर्यंत एकेक झाकण उघडून बाटल्यांत अक्षता टाकल्या. फोटो छान आले.

आठवड्यात, अक्षता पडल्या तिथे सगळीकडे बुरशी. कॉलेजने सरांकडूनच लेखी खुलासा मागवला. सरांनी लिहिलं, “कारण : आशीर्वाद.” प्रयोगशाळेला कुलूप लागलं. अक्षता संपल्यामुळे वाचलेल्या तीन बाटल्या सरांनी रुआबांध्याला घरी नेल्या आणि रोपं अंगणात कुंड्यांतून जगवली.

दोन वर्षांनी सर अंथरुणाला खिळले. औषधं चालू होती, पण उठवत नव्हतं. कुंडीतली एक मुळी उकळून देते, म्हणून वहिनी मागे लागल्या. मी तिथेच बसलो होतो.

“मले कावून देते?” सर म्हणाले. “मी काही दुर्मिळ नाही. माह्यासारखे रुआबांध्यात गल्लोगल्ली सापडतात.”

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

सर गेल्यावर वहिनी आणि मी तिन्ही कुंड्या घेऊन डोंगरावर गेलो. वहिनींनी स्वतः खड्डे केले, रोपं लावली, माती दाबली. मग तिथेच बसून राहिल्या.

“एक उकळून पाजली असती तं दोनच उरले असते,” त्या म्हणाल्या. “पण लावाले हे आले असते.”

 मी चपला काढून त्यांच्या शेजारी बसलो.