वेल काढा, पण नंबर सोडून!

प्रत्येकाच्या घरात पिशव्यांनी गच्च भरलेली एक पिशवी असते ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि कुठं ठेवायचे तेही कळत नाही. ऐकणारे पोट धरून हसतात. माझं मात्र सांगतानासुद्धा डोकं फिरतं!

अंबडला आमचं लेझरचं वर्कशॉप आहे. शेठ म्हणजे विलास, आणि डिझाइनला मी. ट्रॉफ्या, घराच्या पाट्या, देवळातल्या देणगीदारांची नावं, हे रोजचं. दसरा जवळ आला की मात्र बंदुका येतात. लायसनच्या, बारा बोरच्या. शस्त्रपूजेला पाहुण्यांसमोर पाटावर ठेवायची, तर नुसतं काळं लोखंड कसं ठेवणार? त्यावर वेलबुट्टी पाहिजे!

या बंदुका आणतात आहेरकाका. जुन्या नाशकात त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे, रीतसर लायसन असलेलं. बंदूक त्यांच्या जबाबदारीवर येते, म्हणून काम होईपर्यंत ते तिच्या शेजारून हलत नाहीत. आणि दर वेळी बजावतात, "ताई, वेल कुठंही फिरवा, पण बंदुकीवरच्या नंबराला धक्का लागता कामा नये. त्यातला एक आकडा जरी पुसला, तर केस माझ्यावर आणि दुकानाला कुलूप!" सगळं घर त्या दुकानावर चालतं. पण गिऱ्हाइकांना त्याचं काय? त्यांना डिझाइन पाहिजे असतं, आणि तेही मोबाइलवरचंच!

* * *

नक्षी शोधणं म्हणजे काय असतं, ते एकदा माझ्या खुर्चीत बसून बघा. 'बंदुकीवरची वेल' असं टाकलं की मेंदी येते, रांगोळी येते, ब्लाउजच्या पाठीमागचे गळे येतात. म्हणून मी आपली हातानं काढते. एकदा छान भरीव वेल काढून एकाला दाखवली. त्याला जाम आवडली.

"कुठून डाउनलोड केली?"

"मी काढली."

"अच्छा, तुम्ही काढली होय? मग राहू द्या."

अरे, राहू द्या म्हणजे काय!

* * *

विलासशेठचं फुकटावर भारी प्रेम. एका परदेशी साइटवरून त्यानं वेल उचलली. तिच्यावर आडवी, फिकट इंग्रजी अक्षरं होती. मी म्हटलं, "शेठ, हे नमुन्याचं चित्र आहे. अक्षरं उमटतील."

"अगं, फिकट आहेत. कोण बघतंय!"

लेझरला फिकट-गडद काय कळतंय? त्यानं वेलीइतकंच ठसठशीत कोरलं, 'सॅम्पल'!

बंदूक देवळ्याच्या एका रिटायर्ड सुभेदारांची. चष्मा घरी राहिला होता, म्हणून बोट फिरवून विचारतात, "हे कंपनीचं नाव का?" शेठ म्हणाला, "इम्पोर्टेड आहे साहेब!" मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार हजर, चष्म्यासकट. बंदूक टेबलावर ठेवली आणि असे कडाडले, "ही सॅम्पल आहे, तर माझी बंदूक कुठंय?"

आहेरकाकांना घाम फुटला. बंदूक बदलल्याचा आळ म्हणजे काय गंमत आहे का? शेवटी लायसनवरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळवून दाखवला, तेव्हा कुठं सुभेदार खुर्चीवर टेकले. शेठ तोपर्यंत मागच्या दारानं पसार झाला होता.

* * *

दिंडोरीचे एक बागायतदार आले. त्यांना वेल पाहिजे होती. आता वेल म्हणजे द्राक्षाचीच, हे मला कुणी सांगितलं होतं? मी परदेशी बंदुकांवर असते तशी मोठ्या पानांची, वळणावळणाची वेल लावली. ते स्क्रीनकडं बघतच राहिले.

"ताई, बाग फेल गेली का हो?"

"का?"

"एवढी वेल वाढलीय अन् घड एक नाय!"

बरं बाबा, घड टाकले. तर म्हणतात, "एका काडीला इतके घड? विरळणी नाय केली?" कमी केले. पानांना उठाव यावा म्हणून मी बारीक बारीक ठिपके दिले होते. ते त्यांनी झूम करून बघितले आणि ताडकन उठलेच.

"ह्याच्यावर तर डाऊनी आलीय! बंदूक हॉलमध्ये लावायचीय मला, तिथं व्यापारी बसतात. असली रोगट पानं बघून कोणी बागेत पाय ठेवील का?"

डोळे फुटेस्तोवर बसून दिले होते हो ते ठिपके! सगळे पुसले. वर जाताना म्हणतात कसे, "आता फवारणी झाल्यावाणी वाटतंय."

* * *

येवल्याकडच्या एका पाटलांना बायकोच्या पैठणीवरचे मोर हवे होते. का, तर पूजेला दोघं शेजारी बसणार, मॅचिंग पाहिजे! तसले मोर नेटवर मिळेनात. शेवटी पदराचाच फोटो घ्यायचं ठरलं. वहिनी पैठणी घेऊन स्वतः आल्या, कारण ती दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. झालं! काका बंदूक सोडेनात, वहिनी पैठणी सोडेनात. दुपारभर दोघं समोरासमोर राखण करत बसले, आणि पैठणीवर सांडेल म्हणून वहिनींनी आम्हाला कुणाला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

काम झालं. वहिनींनी बघितलं आणि नाक मुरडलं.

"पदरावरचा मोर माझ्याकडं बघतो. हा ह्यांच्याकडं बघतोय."

मी म्हटलं, "वहिनी, लेझर खोडता येत नाही."

पाटील म्हणाले, "जाऊ दे, आपण जागा बदलून बसू."

"पूजेला बायकोची जागा बदलतात होय? काहीतरीच तुमचं!"

शेवटी दसऱ्याला त्यांनी बंदूक पालथी ठेवली. माझे मोर पाटाकडं तोंड करून, आणि वर कोरं लोखंड! फोटो पाठवायला मात्र विसरले नाहीत.

* * *

निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. जमा करायच्या आदल्या दिवशी निफाडकडचा एकजण काकांना घेऊन धावत आला. "ताई, पटकन वेल काढा, अर्जंट!"

मी म्हटलं, "अहो, उद्या जमा करायचीय ना? तिथं कोण बघणार?"

"तिथं शेजारी भावकीची बंदूक राहणार! आपली साधी दिसली तर?"

कपाळावर हात मारून घेतला मी.

* * *

आणि आता भाऊंचा किस्सा ऐका. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. पद कुठलंच नाही, पण बॅनर चौकाचौकात. क्रिकेटच्या सगळ्या ट्रॉफ्यांची ऑर्डर त्यांची, त्यामुळं शेठ त्यांच्यासमोर बसतच नाही. भाऊंनी मोबाइलवर वेल दाखवली. "ही अशीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मी म्हटलं, "मधे नंबर आहे भाऊ. तेवढा सोडून काढते."

"सोडायचा कशाला? तो नंबरच घाण दिसतो. त्याच्यावरूनच न्या वेल!"

काकांनी हात जोडले. "भाऊ, नंबर गेला तर माझं लायसन जाईल. पोरंबाळं रस्त्यावर येतील माझी."

"कोण घेतंय लायसन? मी बसलोय ना इथं!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या हौसेपायी काकांनी जन्माचं दुकान बंद करायचं? मी शेठकडं बघितलं. शेठ छताकडं बघत होता. मग हळूच म्हणतो, "ताई, कर ना चालू."

"मी नाही करणार! काढून टाका कामावरून, चालेल!"

तर हा बाबा स्वतः उठला आणि मशीनकडं निघाला! काकांनी पुढं होऊन नंबरावर पंजा दाबून धरला. "आधी माझ्या हातावर वेल काढ, विलास!"

मग भाऊंकडं वळले. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी गरजलाच.

"नंबराशी एवढं वाकडं असेल ना भाऊ, तर बाहेर तुमची गाडी उभी आहे. तिच्या पाटीवरचा नंबरही घाणच दिसत असेल. आणा ती काढून, तिच्यावरही काढून देतो वेल!"

शेठचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं आता, शटर पडलं आपलं.

भाऊ काकांकडं बघत राहिले. मग काचेतून बाहेर, गाडीकडं बघितलं. मग उठले. तेवढ्यात काकांनी बंदूक कव्हरमध्ये घालून चेन ओढलीसुद्धा.

भाऊ दारातून ड्रायव्हरवर ओरडले, "ए बाळ्या, पाना घे! दोन्ही पाट्या काढ!"

आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, बंदुकीचं नंतर बघू. हिच्यावर वेल एकदम भरगच्च काढा. नंबर दिसलाच नाही पाहिजे!"