गोल दांड्याची सुई

मास्तरीणबाईंचा दोरा तुटत होता, आणि का तुटतोय ते त्यांना काही केल्या कळत नव्हतं. तीस वर्षं त्यांनी घरच्या मशीनवर भरतकाम केलं, गल्लीतल्या निम्म्या मुलींना शिकवलं, म्हणून हे नाव. घरची कामं आटली तेव्हा त्या कपड्यांच्या कारखान्यात आल्या. सुपरवायझरने आठ दिवस दिले होते. लहान मुलींच्या फ्रॉकवर फुलं काढायची; जमलं तर कायम, नाहीतर रामराम. आज आठवा दिवस होता.

बरं, रोज तुटावा तर तेही नाही! पहिल्या दिवशी मशीन कसं झकास चाललं. दुसऱ्या दिवशी दर चार टाक्यांना कट्. तिसऱ्या दिवशी सकाळी तुटला, दुपारी गुमान चालला. बाईंनी ताण सैल केला, बॉबिन पुन्हा भरली, तेल दिलं. आणि दर वेळी सुई बदलली, कारण दोरा तुटला की आधी सुई बदला, हे त्या स्वतःच शिकवत आल्या होत्या. कधी गुण यायचा, कधी नाही. मग डोकं भलतीकडेच धावायला लागलं. लाल दोराच तुटतो म्हणावं, तर पांढराही तुटला. सुपरवायझर पाठीशी उभा राहतो म्हणून तुटतो म्हणावं, तर तो रजेवर असतानाही तुटला. शेवटी एकच संशय उरला, आपला हात गेला. हात गेला तर आपल्यापाशी उरलं काय?

शेजारच्या मशीनवर त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी बसायची. जिला आपण कात्री धरायला शिकवलं, तिलाच कसं विचारायचं? पण दुपारी चौथ्यांदा दोरा तुटला तेव्हा बाईंनी संकोच बाजूला ठेवला आणि विचारलं.

पोरगी उठली. तिने स्क्रू सैल केला, सुई जराशी फिरवली, स्क्रू आवळला. घरच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, ती चुकीची बसतच नाही. इथल्या सुईचा दांडा गोल, कशीही फिरते. पण तिची लांब खाच दोरा येतो त्या बाजूलाच हवी. बाईंनी बदललेली सुई कधी नशिबाने नीट बसायची, कधी वाकडी. फूल एका दमात पूर्ण झालं.

“तुला हे पहिल्यापासून दिसत होतं?”

“दिसत होतं, बाई. वाटलं, तुमची काही पद्धत असेल. तुम्हाला मी काय सांगणार?”

रागवावं की रडावं, बाईंना कळेना. हात शाबूत होता, त्याचा आनंद तर होताच. पण कुणी मुलीने ‘असंच का?’ म्हटलं की ‘सांगते तेवढं कर’ म्हणून गप्प कोण बसवायचं? आपणच ना!

संध्याकाळी सुपरवायझरने फ्रॉक उलटून पाहिले आणि उद्यापासून कायम समजा म्हणाला. बाईंनी मान डोलावली नि शेजारी वळल्या.

“यापुढे माझं चुकलं तर बोलशील ना?”

“हो, बाई,” पोरगी खाली बघत म्हणाली. वर्गात म्हणायची अगदी तसंच. ती खरंच बोलेल की नाही, ते बाईंना काही कळलं नाही.