स्टेला टीचरांचा राखेचा बुधवार

वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत दर फेब्रुवारीत स्टेला टीचर कापडी पिशवी घेऊन दारोदार फिरायच्या. मागणी एकच: "माझा क्रूस परत दे."

हा क्रूस नारळाच्या कोवळ्या पानाचा. ईस्टरआधीच्या रविवारी चर्चमधून आणलेली पानं टीचरांचे यजमान, सेल्वम अंकल, दुमडून क्रूस करायचे आणि टीचर ते आम्हा हिंदू शेजाऱ्यांनाही वाटायच्या. पुण्यात तीस वर्षं गणित शिकवल्यानं त्यांचं मराठी खणखणीत होतं. हेल मात्र अस्सल तमिळ, आणि मला हाक ‘तंबी’, म्हणजे धाकट्या भावा.

ओरगडमच्या ट्रक कारखान्यात नोकरी लागून मी नुकताच या तमिळ मुलखात आलो होतो. पहिल्याच वर्षी घोळ घातला. क्रूस मी दाराच्या तोरणात खोचला होता. दिवाळीत तोरण बदलताना आईनं फोनवरून बजावलं, "देवाचं आहे, कचऱ्यात टाकू नकोस हं." मी तो निर्माल्याबरोबर भक्तिभावानं समुद्रात सोडून आलो.

"अय्यो तंबी, बुडवलास?" फेब्रुवारीत टीचरांनी कपाळाला हात लावला. "तो जाळायचा असतो!" मग दारातच तास सुरू झाला. "आमचे उपासाचे चाळीस दिवस सुरू होतात, तो राखेचा बुधवार. फादर कपाळाला राख लावतात म्हणून हे नाव. राख कसली? गेल्या वर्षीच्या या पानांची. येशू शहरात आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून जयजयकार केला आणि आठवड्याच्या आत त्यालाच क्रूसावर खिळलं. म्हणून तो जयजयकार जाळायचा आणि आपल्याच कपाळाला लावायचा. समजलं? आता तू सांग."

मी सांगितलं. दोनदा.

यंदा टीचर आल्याच नाहीत. गेल्या ऑगस्टमध्ये अंकल गेले होते. शेवटी रविवारी मीच माझा क्रूस घेऊन खाली गेलो. टीचरांचा क्रूस येशूच्या तसबिरीमागे तसाच होता.

"त्यांच्या हातचा शेवटचा," त्या म्हणाल्या. "जाळायला कसा देऊ?"

मी माझा क्रूस पुढे केला. म्हटलं, "माझाही त्यांच्याच हातचा आहे टीचर. हा द्या, तुमचा ठेवा." त्यांनी तो घेऊन पिशवीत ठेवला.

बुधवारी सकाळी बेल वाजली. दारात टीचर, कपाळावर राख. पिशवीतून माझाच क्रूस काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"माझा दिला जाळायला," त्या म्हणाल्या. "सगळ्या बिल्डिंगला नियम सांगते, मीच कसा मोडू? हा तू वर्षभर सांभाळ. अधूनमधून बघायला येईन. पुढच्या फेब्रुवारीत न्यायला येईन. आणि तंबी, तोवर समुद्राकडे फिरकू नकोस."